पाठीआडचे नाव

मंगळवार, ता. ३

ही वही धाकटीने आज दिली. आम्ही दोघे नवराबायको विमानतळावरून तिच्या खोलीवर आलो, हातपाय धुतले, आणि तिने ही पुढे केली. म्हणाली, इथे आहात तोवर रोज लिहा, नाहीतर घरी गेल्यावर दादाला सांगायला तुमच्याकडे काही नसेल. दादा म्हणजे आमचा थोरला. बत्तीस वर्षे मी लोकांच्या वह्या-पुस्तके बांधतो आहे, पण स्वतःची वही कधी ठेवली नाही. सुताराच्या घरचा पाट मोडका, त्यातली गत.

वही हातात आली की माणूस पहिले पान उघडतो. मी आधी पाठ बघितली. निळे कापड, आत बारा फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, दोऱ्याने शिवलेले. नुसता सरस ओतून चिकटवलेले नव्हेत. कुठेही उघडली तरी पान सपाट पडते, वरून तळहात ठेवावा लागत नाही. कुठली म्हणून विचारले. इथे जुन्या पुस्तकांचे एक दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत बांधणीचे टेबल आहे, तिथली, म्हणाली. कोण बांधतो? तेव्हा तिने इथल्या भाषेतला एक शब्द सांगितला. त्याचा अर्थ विचारला, तर म्हणाली, "आपण मास्तर म्हणतो ना, तसंच काहीसं."

आणि दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, बरी आहे. डाव्या बाजूला कापड जरा जास्त ओढले गेले आहे. कोपरे मात्र नीट दुमडले आहेत.

"बस, एवढंच?"

मी म्हटले, वहीच ती, तिच्यात अजून काय असणार? ती चहा ठेवायला गेली.

तीन वर्षांनी पोरीला पाहिले. बारीक झाली आहे. रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर उभी असते. आम्ही येणार म्हणून दोन आठवड्यांची रजा काढली आहे.

बुधवार, ता. ४

सकाळी स्नान उरकून वही उघडली आणि एक गोष्ट टोचली. माझ्या हातून जे पुस्तक बांधून होते, त्याच्या पाठीवर अस्तराचा कागद चढवण्याआधी मी पेन्सिलीने देवाचे नाव लिहितो. दोनच अक्षरे. मग वर कागद येतो, कापड येते, पुठ्ठा येतो, आणि नाव कायमचे झाकले जाते. हे कोणाला माहीत नाही. हिलाही नाही. फक्त माझ्या गुरूंनी एकदा पाहिले होते. त्या वेळी पुस्तक शिकंज्याच्या दोन फळ्यांत आवळलेले असते आणि मी त्याचे डोके, म्हणजे वरची कड, नेहमी माझ्या पोटाकडे ठेवतो, त्यामुळे नाव उलटे पडते. गुरू हसले होते. म्हणाले, "पुस्तक कपाटात उभं राहिलं की तुझा देव खाली डोकं वर पाय." मी तेव्हा अठराचा. लाजलो, पण हाताचे वळण काही बदलले नाही. देवाला उलटसुलट काय.

तर या वहीच्या पाठीत देव नाही. परक्याने बांधलेली, असणार कसा? म्हणून पानाच्या माथ्यावर मीच लिहीत जातो आहे.

आज मोठे दुकान पाहिले. पाच मजले, सरकते जिने. समुद्र आणि राजवाडे दाखवून बाबांचा उपयोग नाही, त्यांना पुस्तकांची दुकाने दाखवायची, असे धाकटीने आधीच ठरवून ठेवले आहे. मला इथली अक्षरे येत नाहीत. एका परीने बरेच आहे. पुस्तक काय म्हणते ते कळत नाही, म्हणून ते कसे बांधले आहे तेवढेच दिसते, आणि तिथे त्याला खोटे बोलता येत नाही. एका मजल्यावर चाळीसेक पुस्तके पाहिली. सगळी चिकटवलेली. उघडली की पाठ कटकन बोलते.

एक पहारेकरी माझ्या मागे मागे फिरू लागला. मी प्रत्येक पुस्तक डोळ्याशी नेऊन पाठीच्या पोकळीत बघत होतो, त्याला काय वाटले असेल कोण जाणे. धाकटीने जाऊन त्याला काहीतरी सांगितले, तेव्हा तो हसत बाजूला झाला. काय सांगितलेस म्हणून विचारले. म्हणाली, "सांगितलं, हे डॉक्टर आहेत."

"कसले डॉक्टर," ही म्हणाली. "पोटात काय आहे ते कधी बघत नाहीत, नुसती पाठ दाबतात."

शुक्रवार, ता. ६

काल हिचे गुडघे दुखत होते म्हणून घरीच होतो. आज तीन दुकाने पाहिली.

पहिले फक्त नकाशांचे. दुसरे एका जुन्या तबेल्यात. घोडे बांधायच्या एकेका खणात एकेक विषय. ही म्हणाली, धर्माची पुस्तके बरोबर दाराशी ठेवली आहेत, आधी पळून जायला बरी. मी हसलो. तिसऱ्या दुकानाच्या पायरीपर्यंत मी हसतच होतो.

तिसरे म्हणजे जिथून ही वही आली ते. अरुंद गल्ली, खाली वाकून शिरायचे दार. आत गेल्यावर पुस्तकांच्या आधी वास आला. शिजवलेल्या खळीचा. चार दिवस या देशात मला कुठेच घर लागले नव्हते, ते त्या वासाने एकदम लागले. डोळे भरून आले असते, पण तेवढ्यात धाकटीने मागच्या खोलीत जाऊन तिसऱ्या खुंटीवरचा एप्रन काढला आणि बांधला. खुंटीकडे न बघता. आपल्या घरातल्या दिव्याच्या बटणाकडे आपण बघत नाही, तसा.

गेली दोन वर्षे ती दर शनिवारी इथे येते. काम शिकते. हिला ठाऊक होते, मला नव्हते. बाहेर आल्यावर हिला विचारले, मला का नाही सांगितले? ही म्हणाली, "तुम्ही फोनवर काय विचारता? जेवलीस का. ती म्हणते, जेवले. झालं तुमचं बोलणं."

तिथला बांधणारा म्हातारा सत्तरीच्या पुढचा आहे. एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. धाकटीला तो तिच्या नावाचा अर्धाच तुकडा तोडून हाक मारतो आणि ती ओ देते. त्याने माझा हात हातात घेतला, उलटा केला, दोऱ्याने बोटावर पडलेला घट्टा अंगठ्याने चाचपला. मग धाकटीचा हात ओढून माझ्या शेजारी धरला. दोन्हींकडे बघून मोठ्याने हसला आणि खूप वेळ काही बोलला. धाकटी लाल झाली. मी विचारले, काय म्हणतात?

"छान, म्हणतात."

एवढ्या लांब बोलण्याचा एवढासा अर्थ. दोघांचे काहीतरी आहे जे मला सांगायचे नाही.

राग आला असे नाही म्हणता येणार. शिकंज्याचा स्क्रू कोणीतरी एक फेरा आवळावा, तसे झाले.

शनिवार, ता. ७

आज शनिवार, म्हणून ती सकाळीच तिकडे गेली. दुपारी मी हिला, जरा फिरून येतो, असे सांगून निघालो. रस्ता लक्षात होता. समोरच्या बाजूला एका बंद दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. मागच्या खोलीची खिडकी गल्लीत उघडते, तिथून टेबल दिसते.

ती शिवत होती. म्हातारा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. एकदा त्याने तिच्या हातातला दोरा घेऊन काही दाखवले. ती हसली. माझ्या टेबलाशी ती कधी अशी हसल्याचे आठवत नाही.

माझ्या टेबलाशी ती कधी बसलीच नाही, तर आठवणार काय? लहानपणी कागदाच्या रिमांवर बसून अभ्यास करायची. मी पुन्हा पुन्हा हाकलायचो. जा, सरस लागेल कपड्यांना. जा, परीक्षा आहे तुझी. पोरीच्या बोटांना घट्टे पडू नयेत, ती शिकून मोठी व्हावी, एवढेच मनात होते. थोरल्याला मात्र तीन वर्षे जवळ बसवून शिकवले. त्याच्या टाक्यात फर्मा हलायचा. माझी हाडाची पट्टी, कागदाची घडी दाबायची, गुरूंनी मला दिलेली, ती मी त्याला दिली. महिन्याभराने पाहिले तर तो त्याच पट्टीने फोनची झाकणे उचकटत होता. परत घेतली. आता त्याचे फोन दुरुस्तीचे दुकान आहे, बरे चालले आहे. धाकटीने तर मला या कामातले कधी एक अक्षर विचारले नाही. आणि परक्याच्या हाताखाली दोन वर्षे.

अजून एक गोष्ट आज लक्षात आली आणि मी तिथेच पायरीवर बसलो. काल म्हाताऱ्याच्या फळीवरची पुस्तके मी उघडून पाहिली होती. त्यांचे कोपरे कात्रीने छाटून मग दुमडलेले आहेत. या वहीचे तसे नाहीत. हिचे कापड छाटलेले नाही, नखाने बारीक चुण्या घालून आत घेतले आहे. ही रीत माझ्या गुरूंची. त्यांची आणि माझी. दुसऱ्या कोणाच्या हातची मी आजवर पाहिली नाही. म्हणजे पोरीने घरची विद्या म्हाताऱ्याला सांगितली आणि त्याने ती उचलली. तिला तरी ती ठाऊक कशी, हे मात्र कळत नाही. थोरल्याने सांगितली असेल.

परतलो तेव्हा ही म्हणाली, "कुठे फिरून आलात?" मी म्हटले, असाच, नदीकडे. "नदी दुसरीकडे आहे," ही म्हणाली आणि कपड्यांच्या घड्या घालू लागली.

रविवार, ता. ८

आज नामस्मरणात लक्ष लागले नाही. शेवटी देवाला सरळच सांगितले की मला मत्सर झाला आहे. सहा रिपूंपैकी पहिले पाच वयाबरोबर थोडे सैल झाले. हा सहावा बहुधा माझ्या उतारवयासाठी राखून ठेवलेला होता.

सांगून हलके वाटेल असे वाटले होते. तसे काही झाले नाही.

मंगळवार, ता. १०

आता सगळे कळले. आम्हाला इथे का बोलावले तेही.

म्हाताऱ्याला दिसेनासे झाले आहे. दोन चष्मे लावूनही सुईत दोरा ओवता येत नाही. पुढचे दुकान त्याची पुतणी बघणार आहे. मागचे टेबल, शिकंजे, अवजारे, तो सगळे धाकटीच्या हवाली करू म्हणतो. धाकटीने प्रयोगशाळा सोडून पूर्ण वेळ तिथे बसावे. तिच्या मनात आहे. म्हाताऱ्याने येत्या शनिवारपर्यंत उत्तर मागितले आहे आणि तिने त्याला सांगून ठेवले आहे की बाबा हो म्हणाले तरच.

हे तिने जेवताना सांगितले. ताटाकडे बघत. हिने पाण्याचा तांब्या माझ्याजवळ सरकवला. त्यावरून समजलो, हिला आधीच माहीत होते.

मी नाही म्हणालो. एवढे शिकून पुन्हा सरस-खळीत हात घालायचे, तर शिकलीस कशाला? इथे राहिलीस तर कायमची परकी होशील. अजूनही बोललो. शेवटी मनातले निघाले: हेच करायचे होते तर घरी टेबल नव्हते का? माझे टेबल रिकामे पडणार, आणि तू दुसऱ्याचे चालवणार.

ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "तुम्ही मला तिथे कधी बसूच दिलं नाहीत, बाबा."

मी म्हणालो, तू कधी विचारले नाहीस.

"सहावीत असताना विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, हात धुऊन ये आणि गणितं सोडव. मी हात धुऊन आले, तर तुम्ही दादाला बसवलं होतं."

मला हे आठवत नाही. ती खोटे बोलत नाही हेही खरे.

ताटे तशीच राहिली. नंतर ही भांडी घासता घासता म्हणाली, "लेकीला सासरी धाडताना लोक रडतात. तुम्ही तिला गुरूकडे धाडताना हटून बसलात." मी म्हणालो, तुला यातले काही कळत नाही. "मला पाठीतलं कळत नाही," ही म्हणाली, "पोटातलं कळतं."

बुधवार, ता. ११

आज मी एक वाईट काम केले. क्रमाने लिहितो.

दुपारी दोघी बाजारात गेल्या. मी एकटा. वही समोर. कालपासून मनात घोळत होते की म्हातारा वरून दिसतो तेवढा पक्क्या हाताचा नाही. अशी कामे मी पुष्कळ पाहिली आहेत. कापड सुंदर, कोपरे सुंदर, आणि आत पाठीला रद्दीचा तुकडा चिकटवलेला. पाठ उघडून पोरीला दाखवावे, की बघ, ज्याच्यासाठी नोकरी सोडतेस त्याच्या कामाला आतून काही आधार नाही. मग तीच नाही म्हणेल. मला पुन्हा म्हणावे लागणार नाही.

खिशात हाडाची पट्टी होती, ती नेहमी असते. पुठ्ठ्याच्या सांध्याशी कापड सोडवले. पुठ्ठे दोन्हीकडून अलग झाले. आत रद्दी नव्हती. चांगला, रेषा बरोबर धरून कापलेला अस्तराचा कागद. मी तिथे थांबायला हवे होते. पण शिवण तरी कच्ची असेल, म्हणून ओले फडके पाठीवर ठेवले, खळ सुटेपर्यंत बसलो, आणि कागद पट्टीने हळूहळू वर घेतला.

खाली पेन्सिलीने नाव लिहिले होते.

दोन अक्षरे. आपली. पहिल्या क्षणाला वाटले, हे मीच कधीतरी लिहिले. मग नीट पाहिले. दुसऱ्या अक्षराची गाठ मोठी आणि खाली ओघळलेली. पाटीवर गिरवायला शिकत होती तेव्हाही ती तशीच काढायची, मी हात धरून लहान करायला लावायचो. वही उभी धरली. नाव उलटे होते.

फडक्याचे पाणी टेबलावरून माझ्या मांडीवर ठिबकत होते ते नंतर कळले. मला वाटत होते, हे देवाला आणि मला, दोघांनाच ठाऊक आहे. रिमांवर तिसरी एक बसलेली होती. मी तिला उठवायचो आणि ती परत येऊन बसायची.

कोपरेही मग उमगले. कापड का ओढले गेले आहे, तेही. ती डावरी आहे.

त्या दोघी परत आल्या तेव्हा मला वही लपवता आली असती. लपवली नाही. हिने पाहिले आणि पिशवी खाली ठेवली. "अहो, हे काय केलंत," एवढेच म्हणाली. धाकटी जवळ आली. सोललेली पाठ तिने हातात घेतली, नावावरून बोट फिरवले. ती रडेल असे वाटले. रडली नाही. बाइंडरची पोर.

"शिवण कशी आहे?" तिने विचारले.

मी म्हणालो, "तिसऱ्या फर्म्यापाशी दोरा सैल आहे."

"तिसऱ्या नाही, चौथ्या. तेव्हा आईचा फोन आला होता."

"घ्या," ही म्हणाली, "आता शिवणीलाही मीच आडवी आले."

आम्ही तिघे हसलो की काय झाले ते लिहिता येत नाही. मग धाकटीने सांगितले की ती पहिल्या दिवशीच सांगणार होती. तिला वाटले होते, मी वही उघडीन, चारदा उलटीपालटी करीन आणि विचारीन, हे कोणाच्या हातचे? मग ती सांगणार, माझ्या. पण मी म्हणालो, बरी आहे.

हे पुठ्ठ्यांशिवाय उघड्या फर्म्यांवर लिहितो आहे. पान धरून ठेवावे लागते आहे.

शनिवार, ता. १४

सकाळी तिघे दुकानात गेलो. सोललेली वही मी स्वतः टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याने नाकावरचा चष्मा काढून कपाळावरचा लावला, पाठ बघितली, माझ्याकडे बघितले. त्याला सगळे समजले असावे. कोणी कोणाच्या कामाची पाठ का फोडतो, हे बाइंडरला सांगावे लागत नाही. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले आणि काही बोलला. धाकटीने सांगितले, "म्हणतात, तरुणपणी त्यांनीही एकाचं असंच फोडलं होतं. त्याच्या आत चूक सापडली नाही, म्हणून आठवडाभर जेवण गेलं नाही."

मला तो माणूस आवडायला नको होता.

पहिल्या दिवशी हे काय म्हणाले होते, खरे सांग, असे मी धाकटीला विचारले. तिने आधी टाळले. मग म्हणाली, "म्हणाले होते, ही पहिल्यांदा आली तेव्हा टेबलाशी बसायचं कसं, दोरा धरायचा कसा, सगळं हिला आधीच येत होतं. दोन वर्षं मी विचारतोय, कोणी शिकवलं. ही म्हणते, कोणीच नाही."

तिने उत्तर बरोबरच दिले होते.

वही तिलाच बांधायला सांगितली. मी शेजारच्या स्टुलावर बसलो. चौथ्या फर्म्यापाशी तिने दोरा ओढून घेतला. तिची ओढ माझ्यापेक्षा चांगली आहे. एकसारखी, सगळीकडे तेवढीच. ही ओढ माझ्याकडून आलेली नाही. ही म्हाताऱ्याची. ते मान्य करताना स्क्रू पुन्हा एक फेरा आवळला, लपवत नाही.

मग वही शिकंज्यात आवळली, डोके तिच्या पोटाकडे. ओल्या फडक्याने पुसट झालेले नाव पुन्हा लिहायला पेन्सिल उचलली. माझ्यासमोर लिहायची, म्हणून थबकली. मी खिडकीकडे बघितले. पेन्सिलीचा आवाज आला तेव्हा वळलो. म्हाताऱ्याने विचारले असावे, काय लिहितेस. तिने सांगितल्यावर तो वाकून, मान वाकडी करून, जवळजवळ डोके खाली करून ते बघू लागला. मग हाताने खूण केली: शिकंज्यात पुस्तक फिरवून धर, म्हणजे सरळ येईल. अगदी सोपी गोष्ट. बत्तीस वर्षांत मला सुचली नव्हती, की सुचू दिली नव्हती. धाकटीने मान हलवली. नाही म्हणाली. तिने त्याला कारण काय सांगितले ते मी विचारले नाही.

अस्तराचा कागद चढवायची वेळ आली तेव्हा मी खिशातली हाडाची पट्टी काढून टेबलावर, तिच्या डाव्या हाताशी ठेवली. तिने घेतली, कागद दाबला, एका दमात, मधे न थांबता. झाल्यावर पुसून मला परत द्यायला आली.

"राहू दे," मी म्हणालो. "इथे लागेल तुला."

तिला समजायला वेळ लागला नाही. तिने म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत एकच शब्द सांगितला. हो असावा. म्हातारा दोन्ही चष्मे काढून डोळे पुसू लागला, आणि ही, जिला पाठीतले काही कळत नाही, ती त्याच्या शेजारी उभी राहून पदराने आपले. मी खळीचे भांडे झाकून ठेवले. उघडे राहिले की वर साय धरते.

निघताना मी त्यांना मास्तर म्हणालो. त्यांना शब्द कळला नाही. धाकटीने सांगितला.

शुक्रवार, ता. २७

घरी येऊन दहा दिवस झाले. एका शाळेच्या वाचनालयाची साठ पुस्तके आली आहेत, पाठी निखळलेली. त्यातच गुंतलो. थोरला काल येऊन गेला. त्याला ही वही दाखवली आणि कोपऱ्यांच्या चुण्या तू बहिणीला शिकवल्यास का, असे मुद्दाम विचारले. "कसल्या चुण्या?" म्हणाला.

रविवारी धाकटीचा फोन आला. मी जेवलीस का विचारायच्या आधी कोणते पुस्तक हाती घेतले आहे ते विचारले. ती पाऊण तास बोलली. मास्तर नवीन टाका शिकवत आहेत, मास्तर म्हणतात सरस नको, खळच बरी, मास्तर असे आणि मास्तर तसे. ही बाजूला बसून माझा चेहरा बघत होती. "अहो, पाणी देऊ?" म्हणाली.

आज पहिल्या पुस्तकाची पाठ तयार झाली. नाव लिहायला पेन्सिल घेतली आणि म्हाताऱ्याची खूण आठवली. बघावे म्हणून शिकंजा सोडवला, पुस्तक फिरवून पुन्हा आवळले. आता लिहिले तर सरळ येणार. इतक्या वर्षांनी देव पायांवर उभा राहणार.

पेन्सिल टेकवली, आणि उचलली. पुन्हा शिकंजा सोडवला, पुस्तकाचे डोके माझ्या पोटाकडे घेतले, आणि उलटेच लिहिले.

देवा, एवढे एक ऐक. टाके, ओढ, खळ, बाकी सगळे त्या मास्तरांना तिला शिकवू दे. हे तेवढे सरळ करायला शिकवू देऊ नकोस.